डॉली घेते तेच

दुकानाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या सकाळी तुमच्या मोबाईलवर त्यांची ऑफर येईल आणि तुम्ही म्हणाल, प्रल्हादने आमचा नंबर विकला. आम्ही त्याला नुसतं मोठं दुकान म्हणतो. इतकं मोठं, की आमच्या बिल्डिंगमधला एक जण दही आणायला आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या पोराला मिसरूड फुटली होती. हे पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र सगळं खरं आहे, कारण त्यातलं निम्मं माझ्याच जेवणाच्या टेबलावर घडलं.

मी आणि फ्रान्सिस इकडे आखातात, जबल अलीच्या एकाच गोडाऊनमध्ये नोकरी करून म्हातारे झालो. फ्रान्सिस वसईचा. माणूस एकमार्गी. एकच कंपनी, एकच न्हावी, एकच बायको आणि एकच चहा: तीन घोडे छाप, लाल पाकीट. दुसरा चहा पाजला तर तो कपात पाल पडल्यासारखा कपाकडे बघत बसायचा. त्याची बायको डॉली हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. तिने घातलेली घडी मोडायची हिंमत पाहुण्यांना होत नसे, ते सतरंजीवर झोपत. आमची दोन्ही घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर. त्यामुळे त्यांचं भांडण आम्हाला आणि आमचं त्यांना कधी वेगळं सांगावं लागलं नाही.

आता मोठ्या दुकानात बिल करताना मोबाईल नंबर सांगितला की पॉइंट जमतात. एका घराचे पॉइंट ते किती जमणार. वर्षभर तेल-तांदूळ न्या, शेवटी बक्षीस म्हणून हातात प्लास्टिकचा डबा. माझी बायको स्मिता एकदा त्या डब्याकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "याची भिशी लावू या."

पैशाची भिशी तुम्हाला माहीत असेल. ही पॉइंटांची. ज्या घराची पाळी, त्या घराचा नंबर सगळ्यांनी काउंटरवर सांगायचा. तीन महिने अख्ख्या बिल्डिंगचं दूध, डाळ, डायपर एकाच नावावर. मग पुढचं घर. आमच्या पाळीला आम्हाला वॉशिंग मशीन आलं. नवऱ्यांच्या डोक्यात नंबर राहत नाहीत म्हणून बायकांनी दर पाळीला नंबरला चाल लावून दिली होती. काउंटरवर चार-पाच गृहस्थ एकच नंबर एकाच चालीत गुणगुणताना दिसले तर ओळखायचं, आमच्या बिल्डिंगचे.

सप्टेंबरात पाळी डॉलीची आली. तिला मशीन नको होतं. तिला बँड हवा होता.

लिनेटचं, म्हणजे तिच्या मुलीचं, लग्न जानेवारीत ठरलं होतं. मुलगा खोर फक्कान बंदरात क्रेनवर, त्याला मोठी रजा नाही, म्हणून लग्न तिथेच. डॉलीने हॉल कबूल केला, केटरर कबूल केला, केकवरची निळी फुलंसुद्धा कबूल केली. अट एकच. उंबराचं पाणी कार्लच्या बँडवर यायला हवं. वसईकडे ख्रिस्ती मंडळींत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. कार्ल हा डॉलीचा धाकटा भाऊ. वसईत त्याचा आठ जणांचा बँड आहे, पुढे स्वतः कॉर्नेट फुंकत चालतो. डॉलीच्या लग्नात तो एवढासा होता, बँडच्या मागून पिपाणी फुंकत धावत होता. तेव्हाच तिला म्हणाला होता, "तुझ्या पोरीच्या वेळी पुढे मी असणार." भाऊबहिणीचा प्रत्येक फोन आजवर त्याच वाक्यावर संपत आला.

"आठ माणसांची तिकिटं," फ्रान्सिस म्हणाला. "ढोलाचं सामान वेगळं. त्यापेक्षा एक चांगला स्पीकर आणू."

"आण," डॉली म्हणाली. "लिनेटला चर्चात हात धरून आत पण तोच नेईल."

पॉइंटांतून विमानाची तिकिटं मिळत. पण आठ तिकिटं म्हणजे पॉइंटांचा डोंगर. तेव्हा बिल्डिंगने कंबर कसली. ज्यांच्या घरी एक किलो रवा लागत नव्हता त्यांनी चार किलो नेला. तेवढ्यानेही भागेना तेव्हा स्मिताने केरूला गाठलं. केरू मूळचा संगमनेरचा, जबल अलीच्या लेबर कॅम्पातल्या मेसचा मुख्य आचारी. मेसची खरेदी त्याच्याच हातात.

"वहिनी, मी होलसेलवाल्याकडून घेतो."

"भाव तोच मिळाला तर मोठ्या दुकानातून घ्यायला काय जातं? नंबर डॉलीचा सांग. चाल शिकवते."

झालं. कॅम्पात जेवणाऱ्या सगळ्या मजुरांचा कांदा, तांदूळ आणि मसूर डॉलीच्या नावावर पडला.

पहिल्या आठवड्यात डॉली सिल्व्हर झाली, दुसऱ्या आठवड्यात गोल्ड, महिनाअखेर प्लॅटिनम. त्याच्या वर त्यांच्याकडे धातूच उरला नव्हता. मग मोबाईलवर निरोप सुरू झाले. 'डिअर डॉली, आज सकाळपासून तुम्ही दिसला नाहीत. सगळं ठीक आहे ना?' फ्रान्सिसने तो चष्मा लावून वाचला.

"हे माझ्यापेक्षा जास्त चौकशी करतंय तुझी."

"तू कधी केलीस?" डॉली म्हणाली.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. धक्का बसला तो दसऱ्यानंतरच्या रविवारी, आमच्याकडे जेवताना.

आमची मुलगी मिहिका अल रीम आयलंडवर राहते आणि मोठ्या दुकानाच्या हेड ऑफिसात नोकरी करते. लोक काय घेतात हे बघणारे वेगळे, का घेतात हे बघणारी ती. भिशीचं तिला सांगायचं नाही असा स्मिताचा दंडक होता. कळलं तर ऑफिसात सांगावं लागेल, नाही कळलं तर खोटं बोलावं लागणार नाही. त्या दिवशी डॉली आणि फ्रान्सिसही जेवायला होते. मिहिकाने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "यू गाईज, आम्हाला एक कस्टमर सापडलीय. शी इज अनरिअल."

"म्हणजे?" स्मिताने विचारलं.

"म्हणजे बेबी डायपर आणि कवळीची पेस्ट सेम बिल में. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, पण त्याच नऊ दिवसांत हलाल मटण. दर शुक्रवारी सुके बोंबील. कॅट फूड. आणि दर आठवड्याला कांदे, आय मीन, पोती. बाबा, शी नेव्हर स्टॉप्स."

मी वरणात लिंबू पिळत होतो, ते पिळतच राहिलो.

"नाव काय तिचं?" फ्रान्सिसने भाताकडे बघत विचारलं. डॉलीने टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती मला लागली.

"सरनेम आम्हाला दिसत नाही, प्रायव्हसी. फर्स्ट नेम डॉली." मिहिका हसली. "आंटी, तुमच्या नावाची आहे. यू विश, ना?"

डॉलीने पाण्याचा ग्लास उचलला आणि पुरा रिकामा केला.

"आम्ही कॉम्प्युटरला सांगितलं, हिचा चेहरा काढ," मिहिका सांगत होती. "तिचं पोर्ट्रेट मीटिंग रूममध्ये लावलंय. नाऊ लिसन. ती जे घेते त्याचा आम्ही ब्रँड करतोय. तांदूळ, डाळ, साबण, एव्हरीथिंग. मी प्रपोज केलं. प्रमोशन, इन्शाल्ला."

"आणि बाळा, समजा," फ्रान्सिस घसा खाकरत म्हणाला, "समजा अशी एक बाई नसलीच तर?"

"अंकल. डेटा है."

मिहिका गेल्यावर आम्ही चौघं तसेच बसून राहिलो. एवढ्या मोठ्या दुकानाला, एवढ्या हुशार पोरांना, एका बाईने कॅम्पभर कांदे कशाला न्यावेत हा प्रश्न पडला नव्हता. उलट ते तिच्या प्रेमात पडले होते.

"एका बाजूला माझी पोर, एका बाजूला तुझी," स्मिता म्हणाली.

"तिकिटं हातात येईपर्यंत थांब, स्मिताताई. मग मी स्वतः तिचे पाय धरीन."

दिवाळीच्या आधी दुकानात पिवळी लेबलं आली. प्रत्येकावर तीच बाई. गालाला खळी, केस नुकतेच धुतल्यासारखे, आणि खाली वाक्य: 'डॉली घेते तेच.' रांगाच्या रांगा पिवळ्या. मी स्मिताबरोबर ट्रॉली ढकलत होतो. तिने पिवळी तांदळाची पिशवी उचलली.

"अगं, हाच तांदूळ शेजारी साध्या पिशवीत आहे. हा दोन दिरहम जास्त. म्हणजे पन्नासेक रुपये."

"हा डॉली घेते."

"डॉली कोण? तूच. तू हा तांदूळ नेत होतीस म्हणून त्याच्यावर डॉली आली."

स्मिताने पिशवी उलटी केली, सुलटी केली. "म्हणजे माझी निवड बरोबर होती," ती म्हणाली आणि दुसरी पण टाकली.

मला वाटलं, ही एकटीच. पुढच्या गल्लीत केरू पिवळी मसूर भरत होता. "काका, मेसचे लोक म्हणतात, डॉलीवाली लवकर शिजते." जी मसूर तो सप्टेंबरपासून शिजवत होता, तीच. आणि चहाच्या गल्लीत उभा होता फ्रान्सिस. त्याच्या एका हातात तीन घोडे, दुसऱ्या हातात डॉली. आत पावडर तीच होती, कारण डॉलीच्या नावावर तीन घोड्यांशिवाय चहा गेलाच नव्हता. त्याने लाल पाकीट हळूच परत फळीवर ठेवलं, कोणी बघत नाहीसं बघून.

"फ्रान्सिस," मी म्हणालो.

तो दचकला. "तीन घोड्यांत आता पूर्वीसारखी मजा नाही रे."

राहता राहिली खुद्द डॉली. ती साबणांसमोर उभी राहून त्या खळीवाल्या बाईकडे टक लावून बघत होती.

"माझ्यापेक्षा बरी दिसते ना, प्रल्हादभाऊ?"

"तुझ्याच जिवावर."

"पण चेहऱ्यावरून लबाड वाटत नाही," असं म्हणून तिने सहाचा गठ्ठा ट्रॉलीत ठेवला. मी ट्रॉलीचा दांडा धरून उभा राहिलो. आतापर्यंत आमचे पाय जमिनीवर आहेत असा माझा समज होता.

दुसरा धक्का मला एकट्याला बसला. नोव्हेंबरात माझा घसा धरला होता. दुकानात चहाचं एक पाकीट घेऊन काउंटरवर गेलो तर चाल लागेना, आणि चाल लागेना म्हणून नंबर आठवेना.

"नो नंबर, बाबा? नो प्रॉब्लेम. न्यू कस्टमर," काउंटरवरची मुलगी म्हणाली, आणि पडद्यावरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत चार दिरहमनी खाली आला. म्हणजे जवळजवळ शंभर रुपये.

मी बाहेर आलो, गरम पाणी प्यालो, चाल आठवली, परत आत गेलो. तेच पाकीट, तीच मुलगी. डॉलीचा नंबर सांगितला. आकडा जागचा हलला नाही. उलट पडद्यावर एक पिवळं हृदय आलं आणि म्हणालं, 'तुमच्या निष्ठेबद्दल आभार.'

मी तिथूनच मिहिकाला फोन लावला. माझ्या एका मित्राचं असं असं झालं म्हणून सांगितलं.

"बाबा, इट्स बेसिक," ती म्हणाली. "जो जाणारच नाही त्याला डिस्काउंट कशाला? दॅट्स वेस्ट. डिस्काउंट नव्याला द्यायचा, नाहीतर जो सोडून चाललाय त्याला."

हे मी फ्रान्सिसला सांगितलं तेव्हा तो सोफ्यावर बसला.

"मी इतकी वर्षं तिथेच जातो, प्रल्हाद."

"म्हणूनच."

"पावसात पण गेलोय. रस्ते बुडाले होते तेव्हा."

"त्यांना ते माहीत आहे रे. म्हणूनच."

संध्याकाळी खाली लॉबीत सगळे जमले. डॉलीचा नंबर सांगणं म्हणजे प्रत्येक पाकिटामागे पदरचं घालणं, हे मी सगळ्यांना सांगितलं. डॉली खाली मान घालून म्हणाली, "मग नका सांगू माझा नंबर. उरलेत थोडेच दिवस. जमलं तेवढं जमलं."

"आणि आठातले तीन जण येणार? नुसते ढोलवाले?" ही साजिदा. रत्नागिरीची, चौथ्या मजल्यावर शिवणकाम करते. डिसेंबरपासून पाळी तिची होती आणि तिला आईला इकडे आणायचं होतं. "खलास. महाग तर महाग. आज डॉलीला भरा, उद्या मला भराल. यल्ला, चला, मला दूध आणायचंय." आणि ती चाल गुणगुणत निघून गेली. तिच्या मागोमाग लॉबी रिकामी झाली. दुकानाला वाटत राहिलं, ही बाई आपल्यावर जीव टाकते.

नोव्हेंबर संपला. पाळी साजिदाची सुरू झाली, चाल बदलली. डॉलीने डिसेंबरच्या पहिल्या सकाळी मोबाईल उघडला. डोंगर पुरेसा झाला होता. आठ तिकिटांवर तिने बोट ठेवलं. पडद्यावर उत्तर आलं: 'डॉली, तुमचे पॉइंट विश्रांती घेत आहेत.' खाली बारीक अक्षरांत होतं, की सर्वात वरच्या गिऱ्हाईकाचे पॉइंट पुढच्या महिन्यात तेवढीच खरेदी केली तरच उघडतात.

तेवढीच खरेदी. म्हणजे डिसेंबरातही डॉलीने अख्खी बिल्डिंग आणि अख्खा कॅम्प खायला हवा होता.

साजिदा स्वतः वर आली. "माझी पाळी घे. आई मार्चमध्ये येईल."

"तुझी आई ऐंशीच्या पुढची आहे ना?" डॉली म्हणाली. "भिशीत पाळी म्हणजे पाळी. पुढे एक शब्द बोललीस तर चहा मिळणार नाही."

मग तिने कार्लला फोन लावला. आम्ही समोरच्या दारात उभे होतो, आम्हाला ऐकू येत होतं. "अरे कार्ल, नाही जमत. स्पीकर लावतो आम्ही." मग कार्ल म्हणाला, "फोनवरून वाजवू का? मी वसईच्या विहिरीवर उभा राहतो, तू तिकडे पाणी भर." डॉलीने फोन बंद केला आणि इस्त्री करायला घेतली. घरातले सगळे कपडे संपले तेव्हा तिने पडदे काढले.

पण तिकडे दुकानात काय झालं असेल त्याचा आम्ही विचारच केला नव्हता. त्यांची डॉली एका दिवसात नाहीशी झाली होती. काल कॅम्पभर कांदे नेणारी बाई आज ब्रेडसुद्धा नेत नव्हती. निरोपांवर निरोप. 'डॉली, आमचं काही चुकलं का?' 'डॉली, आम्ही बदललोय.' एकदा तर नुसतंच 'डॉली?' मग फुलं आली. मग चॉकलेटं. फ्रान्सिस दार उघडून पुष्पगुच्छ घ्यायचा आणि दिवसभर त्या फुलांशी बोलायचा नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी डॉलीच्या घरी कुलकुल, म्हणजे काट्याच्या दातांवर वळून तळायचा नाताळचा गोड खाऊ, करायला सगळे जमलो होतो. जमिनीवर चादर, चादरीवर पिठाच्या गोळ्या, काट्यावर वळणाऱ्या बायका. साजिदा होती, केरू होता, पहिल्या मजल्यावरची तीन तान्ही पोरं होती, त्यांच्यातून फिरणारं मांजर होतं, आणि माझी कवळी खिडकीत वाटीत ठेवलेली होती, कारण कच्चं पीठ तिला चिकटतं. बेल वाजली. डॉलीने पिठाच्या हातांनी दार उघडलं.

दारात मिहिका. हातात पिवळा केक. शेजारी तिचा साहेब, लेबनॉनचा, सूट घातलेला.

"आंटी?" मिहिका म्हणाली. तिने दारावरचा नंबर बघितला, मोबाईल बघितला, मग आत बघितलं. तान्ही पोरं. मांजर. केरू. खिडकीतली वाटी. तिची नजर एकेकावर थांबत गेली आणि शेवटी तिच्या आईवर येऊन बसली. तिचा चेहरा असा झाला, की मी कुलकुल तोंडात ठेवून तसाच थांबलो.

"आई. यू टू?"

"वेलकम, वेलकम," साहेब पुढे झाला. "व्हेअर इज लेडी डॉली?"

डॉलीने पिठाचा हात वर केला. मग तिने सगळं सांगितलं. हॉटेलातल्या तिच्या स्वच्छ इंग्रजीत, एकही घडी न चुकवता: भिशी, चाल, कॅम्पातले कांदे. ती एक बाई नाही, हे सगळे मिळून ती बाई. आणि हे का, तर कार्लसाठी.

साहेबाने सूटसकट चादरीवर बसकण मारली. एक तळलेलं कुलकुल खाल्लं. दुसरं खाल्लं. "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"बिल्डिंगला."

"तुमच्या नावाचा ब्रँड चार देशांत विकला जातोय, मॅडम. पाचव्यात बोलणी चालू आहेत." त्याने हाताचं पीठ झटकलं. "बिल्डिंगमध्येच राहू द्या. मी आज एका मोठ्या प्रेमळ कुटुंबाला भेटलो. हबीबती, तुम्ही परत यायला काय घ्याल?"

आम्हाला वाटलं होतं, हा पोलीस बोलावील. त्याला खरं नको होतं. त्याला डॉली हवी होती.

"माझा भाऊ," डॉली म्हणाली. "आणि त्याचे सात जण."

"डन. पण कपडे आमचे."

मिहिका अजून दारातच उभी होती. "तीन महिने मी तुमच्यावर प्रेझेंटेशन देतेय," ती स्मिताला म्हणाली. "आय सेड शी वॉज वॉर्म. आय सेड शी वॉज ऑनेस्ट."

"छान बोलायचीस गं आमच्याबद्दल," स्मिता म्हणाली. "ये, हात धू. साहेबांना काटा दे एक."

जानेवारीत कार्ल आला. आठही जण विमानतळावरून बाहेर पडले ते पिवळे टी-शर्ट घालून, छातीवर ती खळीवाली बाई. खोर फक्कानला एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बंदराच्या क्रेन, आणि मधून उन्हात आमची वरात. दुकानाने पाण्याचा अख्खा ट्रक पाठवला होता, बाटलीबाटलीवर डॉली. तो बघून डॉली म्हणाली, "लेबलच्या पाण्याने माझी पोर न्हाणार नाही." तेव्हा लिनेटच्या नवऱ्यामुलाने डोंगराच्या पायथ्याशी एका खजुराच्या बागेतली जुनी विहीर शोधून काढली. बागवान इतका चकित झाला, की त्याने घागर स्वतः ओढून दिली.

कार्ल पुढे होता. कॉर्नेटवर त्याने पहिला सूर धरला आणि डॉली रस्त्यातच थांबली. मग डोक्यावरची घागर एका हाताने सावरून चालायला लागली. करार होता म्हणून दर दोन गाण्यांनंतर दुकानाच्या जाहिरातीची धून वाजवायची होती, पण कार्लने ती अशी फिरवली, की बंदरावरचे क्रेनवाले वरून नाचले. एक कंटेनर त्या दिवशी गोल फिरून परत होता तिथेच ठेवला गेला म्हणतात. मी खाली उभा होतो, मी पाहिलं.

बघ्यांची ही गर्दी झाली. सगळ्यांना पिवळ्या टी-शर्टबरोबर फोटो हवा होता. डॉली भावाला मिठी मारून उभी होती, तेवढ्यात मोबाईल धरलेला एक पोरगा म्हणाला, "आंटी, थोडा साइड में. डॉली झाकली जातेय."

डॉली त्याच्याकडे बघत राहिली. मग मुकाट बाजूला झाली, आणि फ्रान्सिसच्या शेजारी येऊन उभी राहिली.

लग्नाची गडबड ओसरल्यावर दोघं नवराबायको मोठ्या दुकानात गेली, आम्ही मागे होतोच. चहाचं एकेक पाकीट घेऊन दोन काउंटरवर उभी राहिली. फ्रान्सिसने आपला स्वतःचा नंबर सांगितला. भिशी असली तरी रोजचा पाव तो सवयीने याच नंबरावर घेत आला होता. आकडा जागचा हलला नाही, पिवळं हृदय आलं. डॉलीने तिचा सांगितला, तर आकडा घसरत घसरत जवळजवळ निम्म्यावर आला. 'डॉली, तुम्ही परत आलात.'

फ्रान्सिसने दोन्ही पडदे आळीपाळीने बघितले. घरी येताना लिफ्टमध्ये तो म्हणाला, "म्हणजे तू एक महिना सोडून गेलीस तर तुला निम्म्यात. मी कधी गेलोच नाही तर मला पुरा भाव."

"तसंच दिसतंय."

त्याने थोडा विचार केला. "डॉली, मी पण एखादा महिना कुठे जाऊन येऊ का?"

"जा की," डॉली पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली. "बघू, कोण ऑफर पाठवतं."